दोन्ही घरचा पाहुणा



दर वर्षी २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळला जातो. १८८२ साली याच दिवशी रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन येतो. इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा तो जन्मदिवस. दोन्ही दिवशी फलक लागतात, फेऱ्या निघतात, भाषणे होतात. पण ज्याला टीबीही आहे आणि शुगरही आहे, त्याने यांतला कोणता दिवस आपला मानावा? प्रश्न गमतीचा वाटेल, पण त्यामागे एक गंभीर नैतिक प्रश्न आहे आणि तो आपल्या आमगाव परिसरातील घरांनाही लागू होतो. आज आपण त्याचा थोडा विचार करू या.

प्रथम वैद्यकीय बाजू समजून घेऊ. क्षयाचा जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच असे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील दर दहा जणांपैकी सुमारे तिघांना या जंतूचा संसर्ग झालेला आढळला. त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, कारण शरीराची प्रतिकारशक्ती जंतूला दाबून ठेवते. मधुमेहात ही शक्ती दुबळी होते आणि क्षय होण्याचा धोका दोन ते तीन पटींनी वाढतो. उलट, क्षयाच्या आजारपणात रक्तातील साखर चढते. औषधांचेही तसेच आहे. रिफाम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध शुगरच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी करते. आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ शकतात आणि मधुमेहातही तेच होते. दोन्ही रोग एकत्र आले की क्षय पुन्हा उलटण्याचा आणि रुग्ण दगावण्याचा धोकाही वाढतो.

हे जाणकारांना ठाऊक आहे. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही रोगांची देखभाल एकत्र करण्याची रूपरेषा दिली. २०१२ साली आपल्या देशात आठ हजारांहून अधिक क्षयरुग्णांची शुगर तपासण्यात आली. शंभरांत तेरा जणांना मधुमेह निघाला. त्या तेरांपैकी आठ जणांना तो आधीपासून माहीत होता, उरलेल्या पाच जणांना तपासणी होईपर्यंत कल्पनाही नव्हती. २०१७ साली केंद्र सरकारने क्षय आणि मधुमेह या दोन्ही कार्यक्रमांसाठी एकत्रित कामाची राष्ट्रीय चौकट ठरवली. प्रत्येक क्षयरुग्णाची शुगर तपासावी आणि मधुमेह्याला खोकला, ताप, वजन घटणे अशी लक्षणे आहेत का हे विचारावे, असे तीत सांगितले आहे. म्हणजे वाट आखलेली आहे. ती चालायची कोणी, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या तालुक्यातील एखाद्या शेतमजुराचा विचार करा. टीबीच्या गोळ्यांसाठी एक रांग, शुगरसाठी दुसरी रांग, एखाद्या तपासणीसाठी गोंदियाला चक्कर. रोवणीच्या दिवसांत अशी प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेली रोजी. बरे, दोन्हीकडून मिळणारा सल्लाही वेगळा. एकीकडे सांगतात, ‘‘अशक्तपणा आला आहे, भरपूर खा.’’ हे खरेच आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या घरच्यांना पोषक आहार देऊन पाहिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. दुसरीकडे सांगतात, ‘‘शुगर वाढली आहे, भात सोडा.’’ यातही तथ्य आहे. पण आपला हा धानाचा जिल्हा. दोन्ही वेळा ताटात भातच असतो. भात सोडला तर त्या जागी काय वाढायचे, हे कोणी सांगत नाही. शेवटी तो माणूस अर्धपोटी राहतो आणि घटलेले वजन आणखी घटते. दोघांनीही खरे तेच सांगितले, पण दोन खऱ्या गोष्टी एकमेकींना न भेटल्यामुळे रुग्णाचे नुकसान झाले. ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते.

तत्त्वज्ञानात हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या ‘खार्मिडीस’ या संवादात सॉक्रेटिस थ्रेस प्रांतातील एका वैद्याचा विचार सांगतो. डोके वगळून डोळ्यांवर, शरीर वगळून डोक्यावर आणि आत्मा वगळून शरीरावर उपचार करू नये, असा त्याचा आशय आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की आत्मा शरीरात तुकड्यातुकड्यांनी वाटलेला नसतो, तो प्रत्येक अवयवात पूर्णपणे असतो. म्हणून फुप्फुसाला हात लावणारा डॉक्टर त्या अख्ख्या माणसाला हात लावीत असतो. रोग दोन असतील, त्यांचे कागद दोन असतील, पण खोकणारा आणि मुंग्यांनी रात्रभर जागणारा माणूस एकच आहे.

यावर कोणी म्हणेल, कामाची विभागणी चुकीची कशी? ही शंका रास्त आहे. क्षयाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासून चालू आहे. त्याचे कर्मचारी वेगळे, नोंदी वेगळ्या, औषधे मोफत, म्हणूनच तो खेड्यापाड्यांत पोहोचू शकला आणि असंख्य जीव वाचले. सर्वांनी सर्व काही करायचे म्हटले तर कोणतेच काम धड होणार नाही. आम्हांलाही विभागणी चुकीची वाटत नाही. पण काम वाटून घेतले की ते पुन्हा जोडण्याचे एक नवे काम तयार होते. ते कोणाच्याच वाट्याला दिले नाही, तर ते आपोआप रुग्णावर येऊन पडते. कोणती गोळी कोणाला सांगायची, कोणता कागद कोठे दाखवायचा, कोणता सल्ला आधी पाळायचा, हे सारे त्यानेच ठरवायचे. अंगात ताप, हातात पैसा नाही, कदाचित अक्षरओळखही नाही. म्हणजे सर्वांत अशक्त माणसाला आपण सर्वांत अवघड काम देतो. त्यातून त्याने औषध अर्धवट सोडले, तर दोषही त्यालाच देतो. आमच्या मते नैतिक प्रश्न येथे आहे. सेवा एकत्र आणणे ही केवळ सोय नाही, तो न्याय आहे. जोडण्याचा भार बलवानाने उचलावा, दुबळ्यावर टाकू नये.

दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट आपण सर्व जाणतो. तिच्यातील एक तपशील मात्र सहज नजरेतून सुटतो. त्या माणसानेही जखमी वाटसरूला दुसऱ्याच्या हवाली केलेच होते. स्वतःचे काम सोडून तो तेथे कायम बसून राहिला नाही. पण त्याने दिशा दाखवून जखमीला एकटे पाठवले नाही. स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेपर्यंत नेले, तेथील माणसाशी बोलून घेतले, दोन दिनार दिले आणि परत येऊन उरलेला हिशेब चुकता करण्याचा शब्द दिला. दुसरीकडे पाठवण्यात काही वावगे नाही, मात्र पाठवल्यावर आपला संबंध संपला असे मानू नये.

या जोडणीत आणखी एक अडथळा आहे, तो लाजेचा. मुलीचे लग्न मोडेल म्हणून घरातला टीबी लपवला जातो. शुगर हा श्रीमंतांचा रोग, तो आपल्याला कसा होईल, असे म्हणून मजुरी करणारा माणूस तपासणीच करून घेत नाही. खाजगी डॉक्टरला टीबीचे सांगायचे नाही आणि सरकारी दवाखान्यात शुगरचे बोलायचे नाही, असेही घडते. डॉक्टर कितीही चांगले असले तरी न सांगितलेला रोग ते कसे जोडणार? ज्या समाजात आजाराची कुजबुज होते तेथे रुग्ण गप्प बसतो, आणि समाज म्हणजे तुम्ही-आम्हीच.

तेव्हा आपल्या धर्मग्रामात काय करता येईल? घरातील आजारी माणसाचे सर्व कागद आणि सर्व गोळ्या, सरकारी असोत वा खाजगी, एकाच पिशवीत ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला ती पिशवी उघडून दाखवा. टीबीचे निदान झाले की शुगर तपासून घ्या. तापामुळे चढलेली साखर पुढे उतरूही शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा तपासा. शुगर असलेल्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला किंवा वजन घटू लागले तर थुंकीची तपासणी करा. मनाने भात बंद करू नका. तो किती खावा हे डॉक्टरांना विचारा आणि ताटात डाळ, अंडी, चणे, बोडीतली मासळी वाढवा. पोषणासाठी सरकारकडून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झाले आहेत. ते खात्यात येतात की नाही, हे आशाताईंना विचारा.

ज्यांना शक्य आहे त्यांनी निक्षय मित्र होऊन एखाद्या रुग्णाच्या शिध्याचा भार घ्यावा. शिधा देण्यापूर्वी त्याला शुगर आहे का, एवढे आपुलकीने विचारावे आणि त्याप्रमाणे पिशवीत तांदूळ कमी, डाळ जास्त घालावी. आपल्या तरुणांपैकी कोणी महिन्यातून एक दिवस अशा रुग्णाबरोबर दवाखान्यात गेला, रांगेत उभा राहिला आणि डॉक्टरांचे बोलणे नीट ऐकून घरी समजावून सांगितले, तर दोन खिडक्यांमधले अंतर तेवढ्यापुरते तरी मिटेल.

आपल्या शेजारी कोण आजारी आहे, हे आपल्याला बहुधा ठाऊक असते. या आठवड्यात त्याच्या घरी एकदा जाऊन या. काय खाता, कोणकोणत्या गोळ्या घेता आणि सोबत कोण येते, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुरे. परमेश्वर सर्व आजारी बंधुभगिनींना बळ देवो आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या सर्वांवर त्याची कृपा राहो.

तुमचे धर्मगुरू