परिचयाचा पडदा

ज्या मनुष्याला आपण रोज पाहतों, त्याला आपण खरोखर पाहतों काय? प्रश्न वरवर वितंडवादाचा वाटेल. परंतु आमच्याच घरांत घडलेल्या एका गोष्टीनें तो माझ्यापुरता फार जिव्हाळ्याचा झाला आहे.

माझे थोरले बंधु व मी एकाच घरांत राहतों. मागें कांहीं वर्षांत त्यांची अंगठी बोटांत जाईनाशी झाली, वहाणांचें माप दोनदां वाढलें, आवाज घोगरा झाला, पुढच्या दातांत फटी पडल्या. आम्हीं प्रत्येक गोष्टीचें निराळें उत्तर काढून ठेविलें होतें : अंग सुटलें, वय झालें, थंडी बाधली. ते दाराच्या चौकटीला धडकूं लागले, तेव्हां "जरा बघून चालावें" असा उपदेशही मीं त्यांना केला. पुढें धाकटी बहीण सहा वर्षांनीं परदेशांतून आली आणि उंबरठ्यावरच थबकून म्हणाली, "दादा, तुझा चेहरा असा कसा रे झाला?" डॉक्टरांनीं जुनीं छायाचित्रें मागवून ओळीनें मांडलीं, तेव्हां सहा वर्षांत जें आम्हांस दिसलें नव्हतें, तें एका क्षणांत दिसलें.

मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथि असते. तिच्यांत गांठ होऊन वाढीचा स्राव बेसुमार सुटला, म्हणजे हातपाय, नाक व जबडा हळूहळू थोराड होत जातात. पिएर मारी या फ्रेंच वैद्यानें 1886 सालीं या विकाराला अ‍ॅक्रोमेगॅली हें नांव दिलें. अशी गांठ बहुधा कर्करोगाची नसते. मात्र ती वर वाढली, तर डोळ्यांचे मज्जातंतु जेथें एकमेकांस ओलांडतात तेथें दाब पडून दोन्ही बाजूंचें दिसेनासें होतें. म्हणजे बंधु बेफिकीर नव्हते; चौकट त्यांना दिसतच नव्हती! याच ग्रंथीच्या दुसऱ्या गांठींमुळें स्त्रियांचा विटाळ बंद होतो, बाळंतपणावांचून दूध येतें. हार्वे कुशिंगनें 1932 सालीं वर्णिलेल्या प्रकारांत चेहरा वाटोळा होतो, पोट सुटतें, कातडीवर जांभळे वळ उठतात, मन खिन्न होतें. अशा रोग्याला खादाड किंवा आळशी ठरविणें किती सोपें!

मग आम्ही दोषी काय? रोगाचें नांव ठाऊक नसणें हा अपराध नव्हे. आप्तांना सदैव वैद्याच्या नजरेनें न्याहाळीत बसलों, तर घराचें रुग्णालय होईल. परस्परांना गृहीत धरणें हीच तर सहवासाची विश्रांति. तेव्हां दोष न दिसण्याचा नाहीं. दिसलेल्या गोष्टीवर घाईनें उत्तर चिकटवून प्रश्न मिटविण्याचा आहे. अंगठी अडकली हें मला दिसलें होतें, "असें कां होतें?" हें मीं त्यांना विचारलें नव्हतें.

परंतु नुसतें निरखून पाहणें हेंही नीतीला पुरत नाहीं. चार्ल्स बर्न या सात फूट सात इंच उंचीच्या आयरिश तरुणाला पाहावयास लंडनकर पैसे देऊन जमत. आपलें प्रेत शरीरशास्त्रज्ञांच्या हातीं पडूं नये, समुद्रांत सोडावें, अशी त्याची इच्छा होती. 1783 मध्यें तो बाविसाव्या वर्षीं वारला, आणि जॉन हंटरनें तें प्रेत मिळवून सांगाडा संग्रहांत ठेविला. 1909 सालीं कुशिंग व आर्थर कीथ यांनीं कवटी उघडून पीयूषिकेची खोबण वाढलेली असल्याचें दाखविलें. ज्ञान वाढलें खरें. पण त्या संग्रहालयानें 2023 मध्यें पुन्हां दारें उघडतांना सांगाडा प्रदर्शनांत मांडला नाहीं, याला दोन शतकांहून अधिक काळ लागला. लंडननें शरीर पाहिलें, माणूस पाहिला नाहीं; आम्हीं माणूस गृहीत धरला, त्याचें शरीर पाहिलें नाहीं.

नाकावाटें शस्त्रक्रिया होऊन बंधूंची गांठ निघाली. दृष्टि बरीच परतली. वाढलेलीं हाडें मात्र परतत नसतात. त्यांनीं आम्हांस कधीं बोल लाविला नाहीं. परंतु परवां ते जिना उतरतांना अडखळले, तेव्हां माझ्या तोंडीं जुना उपदेश आला होता. तो मीं गिळला आणि विचारलें, "दादा, काय होतें आहे?" ते हंसले व म्हणाले, "कांहीं नाहीं रे, धोतराचा सोगा पायांत आला." तें उत्तर ऐकून मला जें समाधान झालें, तें विचारल्यावांचून मिळणारें नव्हतें.