तक्रार न करणारा रुग्ण

एखादा दवाखाना चांगला आहे हे आपण कशावरून ठरवता? डॉक्टर आपुलकीने बोलतात, फार ताटकळावे लागत नाही, कोणाची तक्रार ऐकू येत नाही, यावरूनच बहुधा. मोडलेल्या हाताच्या बाबतीत ही कसोटी चालून जाईल. मधुमेहाच्या बाबतीत ती घातक आहे, कारण हा रोग तक्रार करण्याची शक्तीच हिरावून घेतो. पायाची संवेदना गेली की चपलेतला खडा टोचत नाही. जखम चिघळते, तरी दुखत नाही. डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ लागली तरी बराच काळ दृष्टी स्वच्छच वाटते. मूत्रपिंडाचेही तसेच. तेव्हा जो मागत नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय?

मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९४८ साली स्टॅन्ली रुग्णालयात मधुमेहींसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि १९५४ साली रोयापुरम येथे रुग्णालय उभारले; पुढे ते मधुमेहाचे खास रुग्णालय झाले. इतकी जुनी परंपरा असलेल्या या शहरातील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेबरोबर देशभर घरोघर पाहणी केली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक असलेल्यांपैकी केवळ ३६.३ टक्के लोकांची साखर ताब्यात होती. साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल ही तिन्ही ताब्यात असलेले अवघे ७.७ टक्के.

यावर ठरलेले उत्तर येते : रुग्ण पथ्य पाळत नाहीत. ते खोटे नाही. तपासणीच्या आदल्या दोन दिवसांत भात सोडून साखर उतरवणारे महाभाग आपल्याही घरांत असतील. एचबीए१सी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगत असल्याने ते तीत उघडे पडतात. परंतु माणूस डॉक्टरांपासून का लपवतो? बोलणी खावी लागतील म्हणून.

शिवाय सारा दोष रुग्णाचाच असता, तर दवाखान्याची रीत बदलून फरक पडला नसता. भारत व पाकिस्तानातील दहा दवाखान्यांत ११४६ रुग्णांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. एका गटासाठी पाठपुरावा करणारे समन्वयक नेमले आणि डॉक्टरांना संगणकीय नोंदींतून सूचना मिळू लागल्या. सुमारे २८ महिन्यांनी या गटातील १८.२ टक्के रुग्णांची साखर आणि तिच्याबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल ताब्यात आले होते. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ८.१ टक्के होते. यश माफकच, पण दुपटीहून अधिक.

मात्र मोजमापालाही मोह असतो. सरासरी साखरेवर दवाखान्याची प्रतवारी लावली, तर अवघड रुग्ण दारात नकोसे होतील. आकडा खाली आणण्याच्या हट्टानेही जीव जातो : अमेरिका व कॅनडातील अकॉर्ड या अभ्यासात साखर फार कडकपणे उतरवलेल्या गटात मृत्यू अधिक आढळले आणि २००८ साली ते उपचार थांबवावे लागले. म्हणून मला वाटते, आकड्याआधी कृती मोजावी. वर्षातून एकदा रुग्णाची चप्पल काढायला लावून तळवा पाहिला का? डोळे, लघवी तपासली का?

आणि शेकडेवारी काढताना भागाकार कोणत्या संख्येने केला, हेही विचारावे. गेल्या वर्षी ज्यांनी येणे सोडले, त्यांचे केसपेपर बहुधा वेगळ्या गठ्ठ्यात बांधलेले असतात.