ट्यूलिपचा कंद आणि परक्याचा श्वास

पिकावरची बुरशी मारली तर त्यात दोष कसला? आम्हालाही तसेच वाटे. मग नेदरलँड्समधील ट्यूलिपची हकिकत कळली.

तेथे लागवडीपूर्वी कंद बुरशीनाशकात बुडवतात. त्यातील अझोल द्रव्ये आणि फुप्फुसातील बुरशीवर डॉक्टर देतात ते व्होरिकोनाझोल, दोन्ही एकाच कुळातली. टाकाऊ कंदांच्या कुजत्या ढिगात अॅस्परजिलस नावाची बुरशी वाढते, विषाला सरावते आणि तिचे बीजाणू वाऱ्यावर पसरतात. धडधाकट माणसाला बहुधा काही होत नाही. गाठतात ते ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे त्याला. त्याने ते औषध जन्मात घेतलेले नसले, तरी ते लागू पडत नाही! २००७ साली डच डॉक्टरांनी अशा औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीचे रुग्ण जगापुढे मांडले. २०१२ साली ती भारतातही आढळल्याचे प्रसिद्ध झाले.

मग दोषी कोण? शेतकऱ्याने कायदा मोडलेला नाही, त्या रुग्णाला तो ओळखतही नाही. फवारणी सोडा म्हणावे, तर पीक जाते (आणि सांगणाऱ्याचे काही जात नाही). तरीही ‘माझा हेतू नव्हता’ एवढ्याने सुटका होते, असे आम्हाला वाटत नाही. ठाऊक नव्हते तोवर ठीक होते. आता त्या ढिगाचे काय करतोस, हे त्याला विचारता येईल. आणि डाग नसलेले फूल स्वस्तात मागणाऱ्या आपल्यालाही.