पूर्वजांचा चौथरा

शेत विकता येते. परंतु त्या शेतात चिरनिद्रा घेणारे आजोबाही त्याबरोबर विकले जातात काय? हा प्रश्न वाचकांस विचित्र वाटेल. पण ज्या वऱ्हाडी घराण्यांच्या वडीलधाऱ्यांच्या समाध्या शेताच्या धुऱ्यावर आहेत, त्यांस तो नवा नाही. निंबाखालचा दोन हात लांबीरुंदीचा चौथरा, त्यावर सणावारी लावलेली पणती, आणि तेवढी जागा सोडून वळलेला नांगर, एवढेच त्या कुलस्मशानाचे वैभव. पुढे वाटण्या होतात, शेत परक्याच्या हाती जाते, आणि वितीवितीचा हिशेब करणाऱ्या नव्या धन्यास तो चौथरा अडचण वाटू लागतो.

मृतास सुखदुःख नाही, मग त्याच्यासाठी जिवंतांची जमीन का अडवावी, असे कोणी म्हणेल. या युक्तिवादास वलगावात तर मोठाच आधार सापडतो. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगे महाराजांनी याच गावानजीक देह ठेवला. आपली समाधी वा स्मारक करू नये, अशी त्यांची शिकवण सांगतात. आणि हयातीत त्यांनी उभारल्या त्या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा. तरीही अमरावतीस त्यांची समाधी झालीच. भक्तांचे हे करणे केवळ अज्ञानाचे होते, असे आम्हांस वाटत नाही. ज्याचे ऋण फिटत नाही, त्याच्यापुढे मस्तक टेकण्यास माणसास कोठेतरी जागा लागते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात जुन्या मळेवाल्यांची कौटुंबिक दफनस्थाने आहेत. मालकांच्या शिळांवर नावे व तारखा कोरलेल्या आढळतात. त्यांच्या गुलामांच्या उशाशी मात्र पुष्कळ ठिकाणी रानातला बिननावाचा धोंडा. व्हर्जिनिया राज्यात जमीन दुसऱ्याची झाली तरी वंशजांस थडग्यापर्यंत जाण्याचा हक्क कायद्याने राखिला आहे. त्या धोंड्यांचा शोध घेणाऱ्या गुलामांच्या वंशजांस ‘मृतास काय कळते?’ असे विचारणे क्रूरपणाचे होईल.

येथेच आम्हांस भेद दिसतो. नाव नाकारणे हा ज्यास ते मिळू शकते त्याचा अधिकार होय. गाडगे महाराजांची विरक्ती त्यांनी स्वतः पत्करलेली होती. दुसऱ्याच्या आजोबांवर ती लादण्याचा अधिकार शेत घेणाऱ्यास कोणी दिला? पण दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणेही न्यायाचे नव्हे. पुरी किंमत पदरात घेऊन खरेदीखतात चौथऱ्यापुरती एक ओळ घालण्यास जो नातू विसरला, त्यानेच प्रथम आजोबांस बेघर केले.

म्हणून आमचे मत असे की, संगमरवराचा थाट नको. पण दोन हात जागा विकणाऱ्याने राखावी आणि घेणाऱ्याने मानावी. आणि ज्यास ती राखावयाची आहे, त्याने वर्षातून एकदा तरी हाती खराटा घेऊन तेथे जावे. गावोगाव खराटा चालविणाऱ्या त्या संतासही एवढे खचित मान्य झाले असते.