थारा : सरत्या वर्षाचे मनन

(शास्त्रपाठ : स्तोत्र ९०, मत्तय ५:२३-२४, योहान १:१-१४)



वर्ष सरत आले की आपल्या मंडळ्यांतून नव्वदावे स्तोत्र वाचले जाते. त्याच्या बाराव्या वचनात मोशे देवाजवळ आपल्या दिवसांचा हिशेब करण्याची बुद्धी मागतो. भाषांतरकाराचा हिशेब तसा सरळ असतो. किती अध्याय लिहून झाले, किती तपासले गेले, किती उरले, हे वहीत मांडले की वर्ष संपते. गेली अनेक वर्षे मी असाच हिशेब मांडीत आलो आहे. यंदा मात्र वही उघडून बसलो असता साऱ्या आकड्यांवरून मन निसटते आणि एकाच शब्दापाशी जाऊन थांबते. हा शब्द मला एका वृद्धेने दिला होता आणि मी तो घेतला नव्हता. त्या एका शब्दाने मला वर्षभर जे शिकविले ते आपणांपुढे ठेवावे, म्हणून हे लिहीत आहे.

जून महिन्यात अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील एका खेड्यात आम्ही स्तोत्रसंहितेच्या मसुद्याची तपासणी करीत होतो. मसुदा तयार झाला की तो लोकांपुढे वाचावयाचा, त्यांस काय समजले ते त्यांच्याच शब्दांत सांगावयास लावावयाचे आणि अर्थ जेथे अडखळेल तेथे खूण करावयाची, अशी आमच्या कामाची रीत आहे. मंदिराच्या ओसरीवर दहाबारा माणसे बसली होती. नव्वदाव्या स्तोत्राच्या आरंभी देव आपल्या लोकांचे काय आहे हे सांगताना मी 'निवासस्थान' हा रूढ शब्द तसाच ठेवला होता. वाचन थांबताच सत्तरीच्या घरातील एक आजी म्हणाली, "साहेब, निवासस्थान म्हंजी तालुक्याला साहेबाच्या बंगल्यावर पाटी असती, तसलं का?"

लोक हसले. आजी हसली नाही. ती पुढे म्हणाली, "आमची सारी जिनगानी कोपीत गेली. देव म्हंजी थारा. ज्याला कुठं थारा न्हाई, त्याला देवाचा थारा."

कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची झोपडी. बांबूच्या कामट्या, चटया आणि वर उसाचे पाचट. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्या भागातील हजारो कुटुंबे गाव सोडून साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत अशा कोप्यांत राहतात. आजीने उभे आयुष्य तसे काढले होते. हे मला ठाऊक होते, तरी मी म्हणालो, "आजी, हे मूळ भाषेचा अभ्यास करून केलेले काम आहे. 'थारा' हा शब्द देवाच्या वचनात शोभणार नाही."

तिने पदर सावरला व ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही आली नाही. मी वहीत लिहिले, 'स्तोत्र ९०, तपासणी पूर्ण', आणि पुढच्या गावास गेलो.

वाचकहो, आपल्या हातून घडलेली चूक आपल्या ध्यानात आणून देण्यासाठी देव कधी कधी आपणांस फार दूर नेतो. ऑक्टोबर महिन्यात मला तमिळनाडूतील तंजावरला जाण्याचा योग आला. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७५ च्या सुमारास तेथे सत्ता स्थापिली, आणि त्यांच्या वंशाबरोबर मराठी भाषाही तेथे रुजली. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा आणि मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. जुन्या मराठी शब्दांचा शोध घ्यावा, हा माझा हेतू होता.

आपणां ख्रिस्ती जनांस तंजावर आणखी एका कारणाने जवळचे वाटते. दुसरे सरफोजी राजे (१७७७-१८३२) यांचे शिक्षण जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली झाले. श्वार्ट्झ १७९८ मध्ये प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. राजांनी आपल्या गुरूचे स्मारक इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरात घडवून घेतले, आणि ते तेथील शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये बसविले. शय्येवर पडलेले गुरुजी आणि त्यांच्याजवळ उभे राहून त्यांचा निरोप घेणारे राजे, असे ते दृश्य आहे. राजा असूनही तो मनुष्य अखेरपर्यंत शिष्य राहिला, हा विचार त्या शिल्पापुढे मनात आला. पण तेव्हाही तो मी स्वतःस लावून पाहिला नाही.

याच श्वार्ट्झ यांच्या हाताखाली वेदनायगम शास्त्री (१७७४-१८६४) हे तमिळ ख्रिस्ती कवी शिकले. ते सरफोजी राजांच्या स्नेहातील होते. १८२० च्या दशकात नव्या मिशनऱ्यांनी फॅब्रिशियस यांच्या तमिळ शास्त्राच्या जागी नवे, सुधारलेले भाषांतर आणावयास आरंभ केला, तेव्हा शास्त्रींनी त्यास कडाडून विरोध केला. ज्या शब्दांत आम्ही प्रार्थना केल्या, ज्या शब्दांच्या आधाराने आमची माणसे मरणास सामोरी गेली, ते शब्द आम्हांस न विचारता का बदलता, असे त्यांच्या तक्रारीचे मर्म होते. ईश्वरविद्येचा विद्यार्थी असताना मी अशा लोकांस सरसकट हटवादी समजत असे. त्यांच्या सर्वच तक्रारी रास्त होत्या असेही नाही. प्रभुभोजनाच्या वेळी जातिभेद राखण्याचा त्यांचा आग्रह सुवार्तेस सोडून होता आणि तो आपण मान्य करू शकत नाही. परंतु एका बाबतीत चुकणारा मनुष्य दुसऱ्या बाबतीत खरे बोलत असू शकतो. आपणांस ऐकावयाचे नसले की आपण त्याची चूक पुढे करतो आणि त्याचे खरे बोलणेही त्याच आड लोटून देतो.

ग्रंथालयात ओळख झालेल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला आपल्या गावी, तिरुवैयारु येथे, जेवावयास बोलाविले. हे गाव तंजावरच्या उत्तरेस दहाबारा किलोमीटरांवर कावेरीच्या काठी आहे. नावाचा अर्थच पवित्र अशा पाच नद्या. कावेरी आणि तिच्याच परिसरातून वाहणाऱ्या चार नद्यांवरून हे नाव पडले. यजमानांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून तेथे गेलेले. घरात मराठीच बोलली जाते, पण त्यांस देवनागरी सराईतपणे वाचता येत नाही. त्यांचे वडील घरची मराठी तमिळ लिपीत लिहीत असत. त्यांच्या बोलण्यास तमिळचा हेल होता, आणि मधूनच असा एखादा जुना मराठी शब्द येई, की मी जेवता जेवता थांबून तो मनात टिपून ठेवी. मी त्यांस विचारले, इतकी वर्षे ही भाषा टिकली कशी? ते म्हणाले, "राजवाड्यातली मराठी राजवाड्याबरोबर गेली. आमची स्वयंपाकघरातली होती, ती राहिली."

संध्याकाळी ते मला नदीकाठी घेऊन गेले. तेथे संतकवी त्यागराज (१७६७-१८४७) यांची समाधी आहे. दर वर्षी पौष वद्य पंचमीस दक्षिणेतील गायक-वादक तेथे एकत्र बसून त्यांच्या रचना गातात. समाधीसमोर एका स्त्रीची मूर्ती दिसली, तेव्हा यजमानांनी तिची हकिकत सांगितली. ती बंगळूर नागरत्नम्मा (१८७८-१९५२). देवदासी कुळात जन्मलेल्या या गायिकेने दुर्लक्षित पडलेल्या समाधीवर आपल्या पैशाने वास्तू उभारली. तिची प्रतिष्ठा १९२५ मध्ये झाली. परंतु तेथील उत्सवात स्त्रियांस गाण्याची मुभा नव्हती, म्हणून जिने ती वास्तू बांधली तिलाच तेथे गाता येईना. तिने स्त्रियांचा वेगळा मेळा उभा केला, आणि १९४० च्या सुमारास सारे गट एकत्र आल्यावर स्त्रियांचा आवाज तेथे रीतसर उमटू लागला.

यजमान सहज सांगत होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र कावेरीचा काठ राहिला नाही. मला ती ओसरी दिसली आणि पदर सावरून गप्प झालेली आजी दिसली. देवाविषयी मनापासून बोलणाऱ्या एका स्त्रीचा आवाज मी बंद केला होता, आणि तोही देवाच्याच वचनाच्या नावाने.

त्या रात्री मी मूळ हिब्रू शब्द पुन्हा पडताळून पाहिला. तो शब्द 'माओन'. अनुवाद २६:१५ मध्ये तो स्वर्गातील देवाच्या पवित्र स्थानासाठी येतो. म्हणजे 'निवासस्थान' चूक नव्हे. पण यिर्मयाच्या नवव्या आणि दहाव्या अध्यायांत हाच शब्द उजाड गावांत कोल्ही जेथे आसरा घेतात त्या जागेसाठी आला आहे. स्वर्गातील पवित्र स्थानापासून रानातील बिळापर्यंत ज्या एका शब्दाचा पैस, तो बंगल्याच्या पाटीत मावणारा नव्हता. शिवाय या स्तोत्राच्या मथळ्यात मोशेचे नाव आहे, आणि मोशे चाळीस वर्षे तंबूतच राहिला. घर नसलेल्या लोकांचा पुढारी देवास काय म्हणेल, हे त्या ओसरीवर बसलेल्यांपैकी कोणास अधिक कळणार होते? मला हिब्रू येत होती, पण आजीस तो अर्थ हिब्रूवाचून ठाऊक होता.

परत आल्यावर मी त्या खेड्यात गेलो. आजीच्या घरास कुलूप होते. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला होता, आणि नातवंडे सांभाळावयास ती मुलाच्या कुटुंबाबरोबर गेली होती. पाळकांकरवी निरोप पाठवावा, असा सोपा विचार मनात आला. परंतु प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितलेली गोष्ट आठवली. वेदीपाशी आलेल्या मनुष्यास आपल्यावर कोणाचा रोष आहे हे आठवले, तर त्याने अर्पण तेथेच ठेवून आधी त्या व्यक्तीकडे जावे. निरोप पाठवावा, असे प्रभू म्हणत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगली जिल्ह्यात मला त्या कोप्या सापडल्या. बाकीचे लोक उसाच्या फडात गेले होते. आजी एका तान्ह्या मुलास झोपवीत होती. कोपीचे दार इतके ठेंगणे, की मला वाकूनच आत जावे लागले. मी म्हणालो, "आजी, जूनमध्ये मी तुम्हांला गप्प केलं. ते माझं चुकलं. मला क्षमा करा."

ती काही वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "राग आला व्हता. म्हणून तर आले न्हाई. आता गेला. बस बाबा, च्या ठेवते." ओसरीवरचा साहेब तिच्या कोपीत बाबा झाला होता. तिने गोधडी अंथरली. चहा झाल्यावर तिने विचारले, "मग शबुद बदलला का?"

"अजून नाही आजी. समितीपुढे ठेवला आहे."

"मग नीट सांगा त्यास्नी," ती म्हणाली.

निर्णय अजून व्हावयाचा आहे. तो आजीच्या बाजूने लागेलच, असे मी सांगू शकत नाही. समितीत माझ्याहून जाणते लोक आहेत आणि 'निवासस्थान' या शब्दाच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु सरत्या वर्षाने मला जे शिकविले, ते त्या निर्णयावर अवलंबून नाही.

माझी विद्या मला ऐकण्यासाठी दिली होती आणि मी ती बोलण्यासाठीच वापरली, हा पहिला धडा. माझ्या मेजावर पंडिता रमाबाईंचे भाषांतर नेहमी असते. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या स्त्रियांस समजेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्र उतरविले. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या प्रभूकडे गेल्या, त्याच्या थोडेच आधी ते काम पुरे झाले. ते पुस्तक रोज हाताळूनही, ते कोणासाठी लिहिले गेले याचा मला विसर पडला होता.

दुसरा धडा असा, की शब्दाची प्रतिष्ठा त्याच्या उंचीवर नसते. योहान सांगतो की शब्द देही झाला आणि आपल्यामध्ये राहिला. तेथे 'राहिला' यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, त्याचा मूळ अर्थ तंबू ठोकणे असा आहे. सार्वकालिक शब्दाने आपल्यासाठी बंगला पाहिला नाही. तो आमच्या वस्तीत आला आणि त्याने तेथे कोपी घातली. देवाने स्वतः जी जागा स्वीकारली, तिच्या भाषेतील शब्द त्याच्या वचनास शोभत नाही असे म्हणणारा मी कोण?

आणि तिसरा धडा हा, की क्षमा मागावयास स्वतः जावे लागते, आणि बहुधा वाकून जावे लागते. मी द्यावयास गेलो होतो ते फक्त चार शब्द. परत आलो तो थारा घेऊन.

प्रिय वाचकहो, आपण भाषांतरकार नसाल, पण या वर्षी आपणही कोणास गप्प केले असेल. घरातील सुनेचे बोलणे अर्ध्यावर तोडले असेल. मंडळीच्या सभेत मागच्या बाकावरून उठलेल्या वृद्धास 'आपण बसा' म्हटले असेल. मुलाने विचारलेल्या प्रश्नावर डोळे वटारले असतील. आपणही आपल्या वहीत 'काम पूर्ण' असे लिहून पुढे गेला असाल. वर्षाखेरीच्या उपासनेत नव्वदावे स्तोत्र वाचले जाईल, तेव्हा दिवस मोजताना त्या व्यक्तीचे नावही आठवा. अजून काही दिवस उरले आहेत. तिचे दार कदाचित ठेंगणे असेल. तरी जा.

हे प्रभू, ज्यांस कोठेच थारा नाही त्यांचा तू थारा आहेस. आमची विद्या, आमचे मान, आमच्या पाट्या दूर कर. ज्यांच्या मुखातून तू आमच्याशी बोलतोस त्यांस ओळखण्याची बुद्धी दे, आणि येत्या वर्षी आम्हांस ऐकणारे कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.