रापलेली त्वचा आणि तिचे मोजमाप

त्वचा उन्हाने रापते हे सर्वांना ठाऊक असले, तरी रापणे ही एकच क्रिया नव्हे. तीत निदान दोन वेगळ्या घटना मिसळलेल्या असतात. सूर्यप्रकाशातील लांब लहरींचे, म्हणजे साधारण ३२० ते ४०० नॅनोमीटरचे, अतिनील किरण त्वचेत आधीच असलेल्या मेलॅनिन या रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण घडवतात, त्यामुळे कातडी काही मिनिटांतच काळवंडते. पण यात नवे मेलॅनिन तयार होत नसल्याने बचावाला त्याचा फारसा उपयोग नसतो. आखूड लहरींच्या किरणांनी येणारा काळेपणा दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो आणि त्याचे मूळ इजेत असते: पेशीतील डीएनएला धक्का पोचला की बाह्यत्वचेच्या पेशी एक संप्रेरक स्रवतात, ते तळच्या थरातील मेलॅनोसाइट या रंगपेशींना कामाला लावते, आणि त्यांनी बनवलेले मेलॅनिनचे कण शेजारच्या पेशींत जाऊन केंद्रकावर टोपीसारखे बसतात. चपलेच्या पट्ट्याखाली फिकट राहिलेल्या ठशाभोवतीचा गडद रंग हा याच बंदोबस्ताचा भाग असतो. तो लिंबाने घासून निघावा ही अपेक्षा, जाहिराती काहीही म्हणोत, भाबडीच आहे.

रंगपेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो कणांच्या आकाराने, प्रमाणाने आणि मांडणीने. मोजमापाची पद्धत मात्र गोऱ्या त्वचेच्या चिंतेतून घडली. सनस्क्रीनवरचा ‘एसपीएफ’ हा आकडा त्वचा लाल होण्यासाठी किती पट अधिक किरण लागतात एवढेच सांगतो, काळवंडण्याविषयी तो मुका असतो. सावळ्या त्वचेत तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही, विशेषतः त्याचा जांभळा-निळा भाग, बरेच दिवस टिकणारा काळेपणा आणतो. अगदी गोऱ्या त्वचेवर तसा परिणाम आढळत नाही.

याचा जाच सर्वाधिक होतो तो वांग असलेल्यांना. खिडकीची साधी काच आखूड अतिनील किरण बहुतांशी अडवते, पण लांब लहरींचे किरण आणि दृश्य प्रकाश तिच्यातून सहज आत येतात. म्हणून ५० एसपीएफचे मलम नेमाने लावून घरात बसलेल्या बाईचाही वांग गडद होऊ शकतो, आणि खापर फुटते ते तिच्याच हलगर्जीपणावर. दृश्य प्रकाश अडवण्यासाठी लोहाच्या ऑक्साइडचे रंगीत कण असलेले मलम उपयोगी पडते, परंतु ते हा प्रकाश नेमका किती अडवते हे सांगणारा, एसपीएफइतका सर्वमान्य आकडा अद्याप बाटलीवर आलेला नाही.