फार पाणी



यंदा जूनमध्ये इस्पितळात जाण्यापूर्वी एका आजींनी आम्हांला एचेव्हेरियाची कुंडी सांभाळायला दिली. मूळचे हे मुख्यतः मेक्सिकोचे रोप. जाड पाने गुलाबाच्या पाकळ्यांसारखी रचलेली. आम्ही रोज मिस्सानंतर पाणी घालत असू, तेही भर पावसाळ्यात! महिन्याभरात देठ कुजला, पाने पारदर्शक होऊन गळाली.

ही रोपे पानांतच पाणी साठवतात. माती पूर्ण सुकल्यावरच मुळाशी पाणी घालावे. रेताड माती, तळाला भोक, भरपूर उजेड. पानांवरचा पांढरा मेणचट थर एकदा पुसला की त्या जागी सहजी परत येत नाही. आम्ही तोही 'धूळ' म्हणून पुसला होता.

लूकच्या शुभवर्तमानात (१३:६-९) माळी अंजिरासाठी एक वर्ष मागतो, खणून खत घालीन म्हणतो. त्याला झाड ठाऊक होते. आम्हांला फक्त आमची काळजी ठाऊक होती.

आजी परतल्या तेव्हा भीतभीतच खरे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "फादर, धाकट्याला मी असंच वाढवलं. तो आता फोनही करत नाही."

आम्हांला उत्तर सुचले नाही. कोरड्या वाळूवर ठेवलेल्या दोन धड पानांपैकी एकाला गुलाबी मुळे फुटली आहेत. ते पान रविवारी आजींना देणार आहोत.